जितके हात, तितके पाणी

माझे वडील कौहाने हे दूर समुद्रातल्या आमच्या बेटावर वाइलेहुआच्या खोऱ्याचे पाटकरी होते. ओढ्याचे पाणी कोणाच्या खाचरात किती वेळ जायचे, हे ते ठरवत. याचा पगार नव्हता, बिल्ला नव्हता, डोक्याला पागोटेही नव्हते. होता तो फक्त लोकांचा विश्वास, आणि तो त्यांनी जन्मभर उन्हात उभे राहून कमावला होता. एका उन्हाळ्यात आमच्या स्वतःच्या खाचरांना भेगा पडल्या. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तरी आमची पाळी आली तेव्हाच बाबांनी पाणी सोडले, एक घटकाही आधी नाही. असल्या माणसाशी संसार करणे म्हणजे काय, ते आईच जाणे.

आमच्याकडे अळू पाण्यात वाढते. नुसत्या पाण्यात नाही, वाहत्या आणि गार पाण्यात. पाणी साचून कोमट झाले की कंद आतून सडतो. आणि कंद सडला की पोई नाही, पोई नाही म्हणजे जेवण नाही. उकडलेले कंद कुटून केलेला तो घट्ट गोळा आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन बोटांनी चाटून खातो. मासा असला तर उत्तम, नसला तर मीठ.

दर वर्षी थंडीतले मोठे पाऊस सरले की पाट साफ करायचा दिवस येई. ओढ्यापासून खोऱ्याच्या तोंडापर्यंत दीड मैल पाट. गाळ उपसायचा, दगड रचायचे, ढासळलेले काठ लिंपायचे. त्या दिवसांत प्रत्येक घरातून जितकी माणसे पाटात उतरतील तितका त्या घराचा वर्षभराचा पाण्याचा वाटा. "जितके हात पाटात, तितकं पाणी शेतात," असे आमचे म्हातारे म्हणत. गेल्या वर्षी किती हात होते हे कोणी विचारत नसे. वाटणी दर वर्षी नव्याने. राजाच्या कारभाऱ्यालासुद्धा पाणी हवे असेल तर त्याचा मुलगा गुडघाभर चिखलात उभा राहायचा, आणि आमची पुआ आत्या त्याच्या पाठीवर चिखलाचे गोळे मारायची.

आजोबांच्या वेळी तीनशे माणसे पाटात उतरत. मग गोवर आला, देवी आल्या, खोकला आला. सगळे जहाजांतून आले. मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा खोऱ्यात एकतीस हात उरले होते, म्हणजे माणसे, आणि त्यात सत्तरीच्या पुआ आत्यालाही धरले होते.

आता हायरमविषयी सांगते. हायरम पाद्र्याचा मुलगा. त्याचे आईवडील अमेरिकेहून देव घेऊन आले. देव आम्ही ठेवून घेतला, आणि त्यांनी डोंगराचा उतार ठेवून घेतला. हायरम आमच्याच खोऱ्यात जन्मला. त्याच्या आईला दूध नव्हते, म्हणून माझ्या आजीने त्याला पातळ पोई चाटवून जगवला. तो आणि बाबा एका वयाचे, एकाच पाटात नागडे पोहलेले. आमची भाषा तो आमच्यासारखीच बोलायचा, शिव्यांसकट. मी त्याला काका म्हणायची.

मी जन्मले त्याच वर्षी आमच्या राजाचा आणि अमेरिकेचा करार झाला की आमच्या बेटांवरची साखर त्यांच्या बंदरात बिनजकात उतरेल. बाकीच्या देशांच्या साखरेला जकात, आमच्या साखरेला नाही. झाले! पाद्र्यांच्या मुलांनी बायबल फळीवर ठेवले आणि ऊस लावला. हायरमकाकाचा ऊस वरच्या उतारावरून दर वर्षी थोडा थोडा खाली सरकत आला. माझ्या पंधराव्या वर्षी तो आमच्या बांधाला येऊन टेकला होता.

त्या वर्षी एका संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसला. आईने पोईचे भांडे पुढे ठेवले. त्याने बोटे घातली, पण तोंडाशी नेली नाहीत.

"कौहाने, मी बुडालो," तो म्हणाला.

"कसा बुडशील? पोहायला मीच शिकवलंय तुला."

"थट्टा नको करूस. वॉशिंग्टनला नवा कायदा झालाय. आता सगळ्यांचीच साखर तिकडे बिनजकातीची उतरणार. आणि वर त्यांच्या स्वतःच्या शेतकऱ्याला पौंडामागे दोन सेंट बक्षीस. आपल्याला काय? आपण परके."

"आपण परके ठीक आहे. पण तू तर त्यांचाच ना? तुझा बाप तिकडचा."

"बाप तिकडचा, पण ऊस इथला. उसाला बाप नसतो रे, त्याला बंदर असतं."

बाबांनी मान हलवली. "म्हणजे तिकडे कोणीतरी पेन्सिलीला थुंकी लावली आणि इकडे तू उपाशी?"

"अगदी तसंच. आता दोनच वाटा आहेत. एक म्हणजे ऊस दुप्पट लावायचा, म्हणजे पडलेल्या भावातही पोट भरेल. नाहीतर दुसरी."

"दुसरी कोणती?"

"ही बेटंच अमेरिकेत घालायची. मग आपण त्यांचे शेतकरी. बक्षीसही आपलं, बंदरही आपलं."

बाबा मोठ्याने हसले. "बेट म्हणजे काय होडी आहे, दोर लावून ओढायला?"

काका हसला नाही. मी पोईचे भांडे उचलायला गेले तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. तो खरेच भ्यालेला होता, हे मी आजही नाकारणार नाही. त्याने बोटे पुसली आणि म्हणाला, "दुप्पट उसाला पाणी पाहिजे, कौहाने."

"मग हात पाठव," बाबा म्हणाले. "नियम तुला माहीत आहे."

हे माझ्या बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांच्या मनात पाप नव्हते. भुकेला दारात आला आणि त्याला जेवायची वेळ सांगितली, इतकेच त्यांना वाटले. आमच्यात मागणाऱ्याला नाही म्हणणे हे चोरीपेक्षा वाईट समजतात, आणि यातच आमचे वाटोळे झाले.

पाट साफ करायच्या दिवशी आम्ही एकतीस जण कुदळी-पहारी घेऊन ओढ्यापाशी जमलो. तेवढ्यात वरच्या वाटेने माणसे उतरू लागली. जपानी, चिनी, पोर्तुगीज, सगळे हायरमच्या मळ्याचे कराराने बांधलेले मजूर, गळ्यात नंबराचे पितळी बिल्ले. ती रांग संपेचना. घोड्यावरचा मुकादम मागून हाकत होता. बाबांनी मोजले, दोनशे ऐंशी.

"अरे मुडद्या," पुआ आत्या बाबांवर ओरडली, "बघत काय उभा राहिलास? हे हात भाड्याचे आहेत!"

"हात तो हात, आत्या."

"उद्या तो बैल आणील! त्यांचे खूर मोजशील?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. दोनशे ऐंशी माणसांनी दीड मैल पाट दोन दिवसांत असा लख्ख केला, की आजोबांच्या काळानंतर तो तसा कोणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर बाबा त्या मजुरांकडे गेले. एक जपानी काठावर बसून पाय धूत होता. तोकुजी त्याचे नाव. त्याला आमची भाषा मोडकीतोडकी यायची.

"तू दोन दिवस पाट खणलास," बाबा त्याला म्हणाले. "पाणी तुझं झालं. कुठं सोडू?"

तोकुजीला आधी कळेना. कळले तेव्हा तो इतका हसला की त्याच्या सोबत्यांनीही वळून पाहिले. "मला कुठली जमीन, म्हाताऱ्या? सोडायचंच असेल तर डोक्यावर सोड माझ्या."

बाबा कुदळ खांद्यावर टाकून घरी आले. त्यांना हे सगळे तिथेच थांबवता आले असते. ज्याला जमीन नाही, ज्याच्या हातचे पाणी दुसऱ्याच्या उसाला जाणार, त्याचे हात हायरमच्या नावावर धरू नयेत, असे ते म्हणू शकले असते. आईने त्यांना तेच सांगितले, रडून सांगितले. मीही सांगितले.

"आज त्याचे हात जास्त आहेत म्हणून मी नियम मोडला," बाबा म्हणाले, "तर उद्या तुमचे हात कमी आहेत म्हणून तो मोडेल. आणि एका वर्षाची तर गोष्ट. पुढच्या वर्षी त्याची माणसं आली नाहीत की पाणी आपलं."

दहा दिवसांच्या फेऱ्यात नऊ दिवस पाणी मळ्याला, एक दिवस खोऱ्याला. मला तेव्हा बाबांचा राग आला, आणि ते जाऊन इतकी वर्षे झाली तरी अजून येतो.

पुढच्या वर्षीही त्याची माणसे आली, त्याच्या पुढच्या वर्षीही आली. एका दिवसाच्या पाण्यावर अळू जगत नाही. वरच्या खाचरांत कंद हातात घेतला की तो मऊ लागायचा, आणि घरभर कुजका वास. शेजारच्या कामाकेआचे कुटुंब खोरे सोडून गेले, तो साखरेच्या गिरणीत उसाच्या मोळ्या ओढायला लागला. अजून तीन घरे गेली. आईला खोकला झाला आणि ती गेली. आम्ही दुकानातला तांदूळ खायला शिकलो. पुआ आत्या म्हणायची, "याला चव नाही, पण चावायला काम आहे. म्हातारीचा वेळ जातो."

राजामागून त्याची बहीण गादीवर बसली होती. मधेच ती राणी गेली. मेली नाही, काढली. राजधानीत, होनोलुलूत, अमेरिकेच्या लढाऊ जहाजातून शिपाई उतरले, राजवाड्यासमोर तोफ लावली, आणि मळेवाल्यांनी जाहीर केले की आता आमचे राज्य. तिला हटवायला गेलेल्यांत आमचा हायरमकाकाही होता, खांद्यावर बंदूक घेऊन. परत आला तेव्हा बाबांनी त्याला पाटावर गाठले.

"तिच्या वाढदिवसाला तू पोटभर जेवलास, हायरम. तुझ्या लेकीला तिनं मांडीवर घेतलं होतं."

"मला तिच्याविषयी काही नाही, कौहाने. चांगली बाई आहे."

"मग?"

"साखर," काका म्हणाला. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. दोन वाटा."

एवढा सरळ चोर मी पुन्हा पाहिला नाही. बाकीचे त्या काळात स्वातंत्र्य, सुधारणा, देवाची इच्छा असे काय काय बोलत. त्याने एकच शब्द सांगितला आणि तो खरा होता.

पण अमेरिकेने बेटे लगेच घेतली नाहीत. तिकडे म्हणे वाद चालला होता. मग अठराशे सत्त्याण्णव साली मळेवाल्यांच्या सरकारने बेटे अमेरिकेला द्यायचा पुन्हा करार केला, आणि त्याविरुद्ध आमच्या लोकांचा अर्ज बेटाबेटांतून फिरला. आमच्या खोऱ्यात तो पाद्र्याच्या देवळात ठेवला होता. बाबांनी सही केली. पुआ आत्याला लिहिता येत नव्हते, तिने खूण केली आणि विचारले, "एवढ्यानं होईल ना? का अजून एक करू?"

त्याच शरदात हायरमने पाण्याच्या हक्कांच्या आयुक्ताकडे अर्ज केला, की मळ्याचे नऊ दिवस कागदावर यावेत. त्याचे कारण त्यानेच मला सांगितले. मी तेव्हा मिशनच्या शाळेतून शिकून आले होते आणि त्याच्या बायकोचे शिवणकाम करायची. "बेटं अमेरिकेत गेली की तिकडचे पैसेवाले गिरणीत पैसा घालतील," तो म्हणाला. "पण लाहेला, पोरी, त्यांना कागद लागतो. कौहाने ढेकळं रचून पाणी वळवतो, ते त्यांना समजत नाही."

सुनावणीचा दुभाषा तापाने पडला. आयुक्त अमेरिकेहून नुकताच आलेला, त्याला आमच्या भाषेचा शब्द येत नव्हता. हायरमनेच माझे नाव सुचवले. "तिचं इंग्रजी चांगलं आहे," तो म्हणाला, "आणि ती कौहानेची मुलगी आहे. खोटं बोलणार नाही." बापाचा खरेपणा वापरून झाला होता, आता मुलीचा.

सुनावणी शाळेच्या खोलीत झाली. बाबांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पाय धुऊन आले होते. बायबलावर हात ठेवून झाल्यावर आयुक्ताने विचारले, "गेली सहा वर्षं या पाटाचं पाणी कसं वाटलं गेलं?"

मी बाबांना आमच्या भाषेत सांगितले.

"नऊ दिवस मळ्याला, एक दिवस खोऱ्याला," बाबा म्हणाले. मी तसेच इंग्रजीत सांगितले. वर्षाला वर्ष, दिवसाला दिवस. मी एक दिवस इकडे-तिकडे केला असता तर कोणाला कळले असते? माझ्या मनात आले होते. पण बाबा माझ्याकडे बघत होते.

"या वाटणीला कोणी हरकत घेतली?"

"नाही," बाबा म्हणाले. "कोणी नाही. पण साहेब, ही वाटणी त्या त्या वर्षाचीच असते. दर वर्षी पाट साफ करताना नव्यानं होते. त्याचे हात आले नाहीत की त्याचं पाणीही नाही. एवढं लिहून घ्या."

"नाही, कोणी हरकत घेतली नाही," मी इंग्रजीत म्हटले, आणि आयुक्ताने पेन वर केले.

"पुरे."

"पण ते पुढे म्हणतात..."

"पुरे, मुली. मला हवं ते मिळालं."

मी हायरमकाकाकडे पाहिले. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. बाबा काय म्हणाले ते त्याने ऐकले होते, आणि मी काय सांगितले नाही तेही. तो खिडकीबाहेर बघत बसला. तो एक वाक्य बोलला असता तर! पण तो कशाला बोलेल? दोष त्याचा नव्हताच, माझ्याजवळ तोंड होते. मिशनच्या शाळेत सहा वर्षे एकच शिकवले होते, गोऱ्या माणसाने पुरे म्हटले की पुरे. मी खाली बसले.

घरी जाताना बाबा खुशीत होते. चिंचोळ्या वाटेवर ते पुढे, मी मागे.

"शेवटचं सांगितलंस ना त्यांना? दर वर्षी नव्यानं, ते?"

मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हटले, "सांगितलं, बाबा."

"शाबास. तेच महत्त्वाचं होतं."

मी खोटे बोलले कारण त्यांचे चालणे मला बघवत नव्हते. गेल्या सहा वर्षांत ते इतके ताठ चालले नव्हते. उद्या सांगू, असे मी मनाशी म्हटले. निकाल लागेपर्यंत मळ्याची माणसे अजून एकदा पाटात उतरली; मग कागद हायरमला मिळाला, आम्हाला कोणी दाखवला नाही. तो कचेरीत बघायला मिळाला असता, मला वाचता येत होते. मी गेले नाही. उद्याचा परवा झाला, आणि परवाचे वर्ष.

पुढच्या ऑगस्टात बेटे अमेरिकेत गेली. स्पेनशी त्यांचे युद्ध लागले होते, पलीकडच्या समुद्रात त्यांना बोटींसाठी कोळसा घ्यायला जागा हवी होती, व्यापाराला चीनचा रस्ता हवा होता, आणि साखर तर होतीच. आमच्या अर्जाचे काय झाले, ते पुआ आत्याने मरेपर्यंत विचारले. होनोलुलूला झेंडा उतरवला, दुसरा चढवला. आमच्यातले कोणी बघायला गेले नाही. आम्ही दारे लावून घरांत बसलो.

थंडीतले पाऊस सरले आणि पाट साफ करायचा दिवस आला. आम्ही सतरा जण उरलो होतो. सकाळी ओढ्यापाशी उभे राहून वरच्या वाटेकडे पाहत राहिलो. कोणी उतरले नाही. दुपार झाली तरी नाही. हायरमला आता हातांची गरज नव्हती, त्याच्याकडे कागद होता.

बाबांना हे कसे कळणार? त्यांचा चेहरा उजळला.

"आला नाही!" ते म्हणाले. "एकही हात नाही. बघितलंत? मी म्हणत होतो ना, एका वर्षाची गोष्ट आहे. सात वर्षं लागली इतकंच."

"पायात पेटके आलेत मला," पुआ आत्या म्हणाली, "पण आज मी वीस जणांचं खणते. सर तिकडे."

तेव्हा बोलायला हवे होते. सगळे समोर होते. मी फावडे उचलले आणि पाटात उतरले. सतरा माणसांनी अकरा दिवस काम केले. बाबा साठीचे, सगळ्यात पुढे. अकराव्या दिवशी त्यांनी मळ्याकडे जाणाऱ्या तोंडावर ढेकळे आणि दगड रचून ते बंद केले आणि खोऱ्याचे तोंड मोकळे केले. पाणी आले. वाहते, गार पाणी, सात वर्षांनी. पुआ आत्या झगा गुडघ्यापर्यंत खोचून खाचरात उभी राहिली आणि पावले धूत राहिली. कोणीतरी जुनी गाणी म्हणायला लागले. बाबांनी मला रोपे लावायला बोलावले आणि मी लावली.

चौथ्या दिवशी फौजदार आला. सोबत मळ्याचा मुकादम. त्यांनी ढेकळे पाडली, पाणी पुन्हा मळ्याकडे वळले, आणि बाबांना घेऊन गेले. आरोप होता पाणी चोरल्याचा.

कोर्टात दुभाषा मीच. आता त्या जागेवर माझेच नाव लागले होते. न्यायाधीश नवीन होता, स्वभावाने मवाळ, सारखा चष्मा पुसायचा. हायरमकाका मागच्या बाकावर होता. तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता, आणि मी बाबांशी.

"पाणी चोरल्याचा आरोप तुला मान्य आहे?" न्यायाधीशाने विचारले.

"मी चोरलं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "पाळी आमची होती. मळ्यानं यंदा एकही हात पाठवला नाही. वाटणी दर वर्षी नव्यानं होते, हे मी मागे आयुक्तसाहेबांपुढे बायबलावर हात ठेवून सांगितलंय. माझ्या मुलीनं त्यांना इंग्रजीत सांगितलं. ती इथेच आहे. तिला विचारा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काय म्हणतो तो?" न्यायाधीशाने विचारले.

मी सांगितले. जसेच्या तसे. माझे नाव आले तिथे 'माझी मुलगी' असेच म्हटले, कारण दुभाष्याने तसेच म्हणायचे असते.

न्यायाधीशाने कारकुनाला जुनी नोंद काढायला लावली. कारकुनाने पान शोधले आणि मोठ्याने वाचले. प्रश्न, कोणी हरकत घेतली? उत्तर, नाही, कोणी हरकत घेतली नाही. त्यापुढे पान कोरे होते.

"इथे तसं काही नाही," न्यायाधीश मला म्हणाला. "त्या दिवशीही दुभाषी तूच होतीस. तो तसं बोलला होता का? तू सांगितलंस का?"

बाबांना इंग्रजी येत नव्हते. पण कोरे पान त्यांनी दुरून पाहिले होते, आणि मग माझा चेहरा पाहिला. त्यांच्या डोळ्यांत आधी काही कळल्याचे दिसले नाही. मग कळले. मला वाटले ते ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते माझ्याकडे बघत राहिले, लहानपणी मी तापाने फणफणत असताना बघत तसे. मी तोंड उघडले. खरे सांगायलाच उघडले होते, देवाची शपथ. पण त्याआधी ते बोलले.

"साहेब, मी ते सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी विसरलो. म्हातारा झालोय. पोरीनं मी बोललो तेवढं सगळं नीट सांगितलं." आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, लाहेला."

"बाबा..."

"सांग म्हणतो ना. काम कर तुझं."

पाण्याबद्दल माझे वडील जन्मात एकदाच खोटे बोलले. आणि ते मी इंग्रजीत सांगितले, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, स्वच्छ आवाजात. मागच्या बाकावरून हायरमकाका उठला आणि बाहेर निघून गेला.

बाबांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. फौजदार त्यांना बाजूच्या दाराने घेऊन गेला. न्यायाधीशाने चष्मा पुसला, कागद आवरले आणि माझे इंग्रजी फार चांगले आहे म्हणून कौतुक केले. मी त्याचे आभार मानले.